ओव्हाळबाईंचे चौदा धडे

यशोधरा ओव्हाळबद्दल सांगायचं म्हणजे माझी चूकही सांगावी लागते, आणि त्या चुकीचं बोलायचा मला अजून कंटाळा येतो. पण आता रिटायर होऊन घरी बसलेय. खोटं बोलून कुणाला काय दाखवायचंय? सांगून टाकते.

आम्ही दोघींनी अंबरनाथच्या एका मराठी शाळेत एकोणीस वर्षं शेजारी शेजारी शिकवलं. मी वेणू खरमाळे, गणिताची. ती विज्ञानाची. मुलं मला खरमाळेबाई म्हणायची. माझ्या मागे काय म्हणायची तेही मला ठाऊक आहे, पण ते राहू दे. तिच्या आणि माझ्या वर्गात भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं, तेही वरून हातभर उघडं. खाली रस्त्यावरून एमआयडीसीचे ट्रक जायचे. एकेका वर्गात बहात्तर पोरं. अशा ठिकाणी माणसाने शिकवायचं म्हणजे आधी ओरडायचं, मग शिकवायचं.

ओव्हाळबाई मात्र ओरडायची नाही. तिचा आवाजच तसा होता. तिचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. संध्याकाळी कामावरून आले की वस्तीतल्या विहारात बसायचे आणि या पोरीला पेपर मोठ्याने वाचायला लावायचे. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना ऐकू गेलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. दुसरीत होती तेव्हापासून ते बीएस्सी होईपर्यंत हे चाललं. तिथे तिचा आवाज तयार झाला. वर न चढवता शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. पार्टिशनवरून माझ्याकडेही यायचा, आणि माझी पोरं गणित सोडून तिचं ऐकत बसायची. या गोष्टीचा मला किती राग यायचा ते मी तिला कधी सांगितलं नाही.

तिची एक सवय होती. वर्गात गेल्यावर ती लगेच बोलायला लागायची नाही. टेबलाला टेकून उभी राहायची. पोरं वह्या काढणार, पेन शोधणार, रबर शेजाऱ्याकडून मागणार, ते सगळं होऊ द्यायची. चांगलं मिनिटभर. मला अलीकडून वाटायचं, ही आज आलीच नाही की काय. मग एकदम तिचा आवाज यायचा आणि तास सुरू व्हायचा.

हा आवाज दोन हजार सातच्या पावसाळ्यात बसला. आम्ही सगळ्याच बसलेल्या घशाच्या, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. खडूची धूळ, गरम पाणी, हळद, ज्येष्ठमध, झालं आमचं औषध. तिचा घसा गणपती गेले तरी उघडला नाही. तिच्या नवऱ्याने, मिलिंदने, तिला बळेच कल्याणला डॉक्टरकडे नेलं. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. ऑपरेशन करावं लागेल, तोवर कमी बोला, आणि ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. शाळेत येऊन तिने मला हे सांगितलं ते एखाद्या उधार नेलेल्या पुस्तकाबद्दल सांगावं तसं. मी म्हटलं, रजा टाक आणि करून घे. ती म्हणाली, दहावीचा पोर्शन व्हायचाय.

आता संगणकाचं सांगते. आमच्या शाळेला दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेतून चार संगणक मिळाले होते. एमएस-सीआयटीची परीक्षा सगळ्यांत आधी मी पास झाले, म्हणून मुख्याध्यापक हिंदुराव शेलार सरांनी खोलीची किल्ली माझ्या गळ्यात मारली. पगार तोच, काम जास्त. पण खरं सांगते, मला त्या किल्लीचा माज होता. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन आत यायचं, मशीनवर शिवणाच्या तासाला शिवलेली फुलाफुलांची आवरणं. दसऱ्याला झेंडूचा हार. पोरं आठवड्यातून एकदा रांगेने यायची, चौघांनी माउसला हात लावायचा, बाकीच्यांनी मागे हाताची घडी घालून बघायचं. इंटरनेट नव्हतं. संगणक खराब होऊ नये ही माझी जबाबदारी होती, आणि वापरलाच नाही तर खराब कसा होईल?

ओव्हाळबाईने माझ्याकडे मधल्या सुट्टीत त्या खोलीची किल्ली मागायला सुरुवात केली. खोलीला पक्क्या भिंती होत्या, दार लागायचं, म्हणून. उल्हासनगरला कॅम्पातून एका सिंधी दुकानदाराकडून तिने जुना मोबाइल घेतला होता, त्यात बोललेलं साठवता यायचं. अर्धा तास ती दार लावून त्या मोबाइलशी बोलायची. बाहेर बसून मी डबा खायचे आणि किसनला, म्हणजे आमच्या शिपायाला, म्हणायचे की बाई आता भिंतींना विज्ञान शिकवतात. किसन हसायचा. मला एवढं माहीत होतं की ती काहीतरी रेकॉर्डिंग करते. कशासाठी, किती, कुठे ठेवते, मी विचारलं नाही. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलेली बाई जास्तीचं बोलतेय, मरू दे, आपलं काय जातं, असा माझा विचार.

ती करत होती ते असं. दहावीच्या विज्ञानाचे चौदा धडे तिला स्वतःच्या आवाजात ठेवायचे होते, आवाज होता तोवर. एक धडा पुरा झाला की मोबाइलची जागा भरायची. मग ती केबल लावून तो तीन नंबरच्या संगणकात टाकायची आणि मोबाइल रिकामा करायची. रिकामा करायच्या आधी फाटकाबाहेर जाऊन दोन-चार पोरापोरींच्या मोबाइलमध्ये ब्लूटूथने द्यायची. फाटकाबाहेर का, तर आत मोबाइलला बंदी होती आणि बंदी राबवणारी मी होते. माझ्या कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. पकडलेला मोबाइल त्यात जायचा, नावाची चिठ्ठी रबराने लावून. आईबापाने स्वतः येऊन रजिस्टरात सही केली की परत. नियम म्हणजे नियम. डब्यात वर्षानुवर्षं मोबाइल पडून असायचे, कारण सहीला यायचं म्हणजे बापाचा खाडा. ते माझ्या डोक्यात यायचं नाही असं नाही, पण मी तिकडे बघायचे नाही.

शिवमंदिराच्या जत्रेच्या आधीच्या आठवड्यात मी दहावीतल्या शलाकाचा मोबाइल घेतला. वांगणीहून येणारी पोरगी, वेण्या घट्ट, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. जिन्याखाली बसून कानात वायर घालून ऐकत होती. बोर्डाची परीक्षा तोंडावर आणि बाईसाहेब गाणी ऐकतायत, माझं डोकंच फिरलं. ती काहीतरी सांगायला लागली. मी म्हटलं, आईला घेऊन ये, मग सांग. तिने मोबाइल माझ्या हातात दिला. तिच्या आईला घेऊन कुणी आलं नाही. परीक्षा झाली, पोरगी शाळेतून गेली, मोबाइल डब्यात राहिला.

एप्रिलअखेर ओव्हाळबाईचं ऑपरेशन झालं. त्याच सुमारास संस्थेचं पत्र आलं की सुट्टीत संगणक तपासायला माणूस येणार, मशीन स्वच्छ ठेवा, कामाचं तेवढंच आत असू द्या. मी भर उन्हात शाळेत गेले. किसनने पंखा पुसून लावून दिला. एकेक मशीन उघडून मी साफ केलं. पोरांनी काढलेली चित्रं, अर्धवट टाइप केलेले अर्ज, सगळं काढलं. तीन नंबरमध्ये न्यू फोल्डर नावाचं एक होतं. आत चौदा फाइली, व्हॉइस एक, व्हॉइस दोन, अशी मोबाइलने दिलेली नावं. मी काही आंधळेपणाने पुसणारी बाई नाही. पहिली उघडली. स्पीकर मोठा केला. काही नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, काही नाही. दुसरी उघडली, तेच. सातवी उघडली, तेच. रिकाम्या फाइली म्हणून काढून टाकल्या, आणि रिसायकल बिनही रिकामं केलं. आम्हाला शिकवलंच होतं तसं, अर्धं काम करू नका म्हणून. घरी जाऊन कैरीचं पन्हं प्यायले आणि झोपले.

मे महिनाभर ओव्हाळबाईला बोलायला बंदी होती. आता ती स्वस्थ बसेल असं वाटलं होतं, तर हिने ऑर्कुट सुरू केलं. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत रोज दुपारी जाऊन बसायची. ‘बाईंचा फळा’ नावाची कम्युनिटी काढली होती. त्यात दहावीत जाणारी पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून प्रश्न विचारायची आणि ही उत्तरं लिहायची. तोंडाने नाही तर बोटांनी. जुनी पोरंही येऊन त्यात लिहायची. मला हे कळलं तेव्हा मी सरळ शेलार सरांना सांगितलं. बाई माणूस, शिक्षिका, आणि पोरं जिथे एकमेकांना बदाम पाठवतात तिथे फोटो लावून बसते, हे काय चाललंय? सरांनी तिच्याकडे लेखी खुलासा मागितला. तिने सगळ्या पानांचे प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवले, तीस-पस्तीस कागद. सरांनी दोन वाचले. लिंबाने पितळ का चकाकतं, असं एका पोराने विचारलं होतं, आणि सरांना स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. त्यांनी कागद परत दिले आणि विषय मिटवला. मला मात्र कुणी कधी सांगितलं नाही की खरमाळेबाई, तुमचं चुकलं.

जूनमध्ये शाळा उघडली. ओव्हाळबाई आली आणि बोलली तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. तो आवाज नव्हताच. जातं ओढल्यासारखं काहीतरी घरघरत यायचं, मधेच तुटायचं, आणि पहिल्या बाकापलीकडे पोचायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा एवढाच.

दहावीचं काय, हा प्रश्न होता. संस्थेने सरांना सुचवलं होतं की ओव्हाळबाईंना पाचवीची चित्रकला आणि लायब्ररी द्या, दहावीला नवीन माणूस घेऊ. अकरा वर्षं तिने दहावी काढली होती. नोकरी जाणार नव्हती, पगार तोच मिळणार होता, लोक म्हणाले सुटलीस. ती काही सुटली म्हणत नव्हती. तिने सरांना कागदावर लिहून दिलं की माझे चौदाही धडे माझ्या आवाजात तयार आहेत, ते वर्गात स्पीकरवर लागतील, मी फळ्यावर आकृत्या काढीन, शंका पोरांनी चिठ्ठीवर लिहाव्यात, उत्तर मी फळ्यावर किंवा ऑर्कुटवर देईन. शेलार सर तसे भले माणूस, साताऱ्याकडचे, फार बोलायचे नाहीत. ते म्हणाले, सोमवारी संस्थेची माणसं येतायत, त्यांच्यासमोर एक धडा लावून दाखवा. पटलं तर दहावी तुमची. नाही पटलं तर माझ्या हातात काही नाही.

हे झालं मंगळवारी. बुधवारी मधल्या सुट्टीत तिने किल्ली मागितली. मीही तिच्याबरोबर आत गेले. तिने तीन नंबर लावला, उघडलं, शोधलं, पुन्हा शोधलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी सांगितलं. अगदी तोऱ्यात सांगितलं, हेच मला आता जाळतं. म्हटलं, तुझ्या फाइली कोऱ्या होत्या गं, तुझा मोबाइल सेकंडहँड, त्याने काही साठवलंच नव्हतं, मी तीन उघडून बघितल्या, अशातशा नाही पुसल्या मी.

“कोऱ्या नव्हत्या,” ती म्हणाली. त्या तुटक्या आवाजात एवढंच.

मी वाद घातला. मी कानांनी ऐकलं होतं ना! तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग मशीन बंद केलं, त्यावर फुलाफुलांचं आवरण नीट घातलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि चपला घालून निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. मी रात्रभर नवऱ्याला सांगत राहिले की चूक तिच्या मोबाइलची आहे. त्याने शेवटी कूस बदलली.

तिने त्याच संध्याकाळी ऑर्कुटवर लिहिलं. धडे कुणाकडे राहिलेत का. मला हे कळलं शुक्रवारी, कारण शुक्रवारी ती प्रिंट काढून माझ्या टेबलाशी आली. कागद ठेवला आणि उभी राहिली. मी चष्मा लावून वाचलं. एका पोराने लिहिलं होतं, सॉरी बाई, गाण्यांना जागा नव्हती म्हणून उडवले. दुसरीचा मोबाइल चोरीला गेला होता. तिसऱ्याचा भाऊ घेऊन सुरतेला गेला होता. खाली शलाकाने लिहिलं होतं, बदलापूरच्या कुठल्याशा कॅफेतून. ‘बाई, माझ्याकडे सगळे आहेत. मी एकही उडवला नाही. पण फोन खरमाळेबाईंच्या डब्यात आहे. आईला घेऊन ये म्हणाल्या होत्या. आईला दिसत नाही, बाबांना रजा नाही.’

मी तो कागद दोनदा वाचला. पोरगी जिन्याखाली बसून गाणी ऐकत नव्हती. ती काय ऐकत होती ते आता सांगायची गरज नाही.

डबा काढला. शलाकाचा मोबाइल होता, चिठ्ठीवर माझंच अक्षर. बॅटरी मेलेली. किसन कुठून तरी जाड पिनेचा चार्जर घेऊन आला. मी लावायला गेले तर ओव्हाळबाईने माझा हात धरला. तिने मान हलवली. दुसऱ्याच्या घरातली वस्तू, घरच्यांना न विचारता उघडायची नाही. मला म्हणायचं होतं की अगं, सोमवार तीन दिवसांवर आलाय, कसली रीत घेऊन बसलीस. पण म्हणायला तोंड नव्हतं. मी म्हटलं, उद्या आपण दोघी वांगणीला जाऊ.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर निघालो. वांगणीपर्यंत लोकल, पुढे टमटम, मग चिखलातून चालत. नव्या बिल्डिंगी जिथे संपतात तिथे मागे कौलारू घर होतं. ओट्यावर शलाकाची आई, राजाबाई, कापसाच्या फुलवाती वळत बसली होती. शलाका कॉलेजच्या प्रवेशाचं बघायला गेली होती, अजून आली नव्हती, नवरा एका फार्महाऊसवर माळीकाम करायचा, तो तिकडे होता. पायरव ऐकून राजाबाईने मान वर केली आणि कोन हाय म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं.

“मोबाइलवाल्या बाई?” ती म्हणाली. रागाने नाही. आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं, हाताने चाचपत तांब्या बरोबर माझ्यापुढे ठेवला.

मी जमेल तेवढं सांगितलं. मोबाइल तिच्या हातात दिला. तिने तो पदराने पुसला, बटणांवरून बोट फिरवलं. मग ओव्हाळबाई काहीतरी बोलली, बहुतेक तिची माफी मागत होती. राजाबाईने चेहरा त्या बाजूला फिरवला आणि मला विचारलं, ह्या दुसऱ्या कोन?

मी म्हटलं, अहो ह्याच ओव्हाळबाई. विज्ञानाच्या.

“न्हाई,” राजाबाई म्हणाली. “त्यांचा आवाज मला ठाव हाय. पोर रोज सांजच्याला लावायची. मी वाती वळत ऐकायची. ह्या त्या न्हाईत.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. इतक्या वर्षांत ओव्हाळबाईला मी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही ती रडली नाही, पण पदराचं टोक तिने बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

लाइट नव्हती. लोडशेडिंग, तीनला येणार होती. आम्ही तिघी बसून राहिलो. राजाबाईने आम्हालाही कापूस दिला, रिकामं काय बसता म्हणून. माझ्या वाती जाड झाल्या, तिने बोटांनी बघून बाजूला ठेवल्या. लाइट आली तेव्हा मीच चार्जर लावला. मोबाइल उघडला. आत मेमरी कार्ड होतं, त्यात व्हॉइस एक, व्हॉइस दोन. मोजले तर बारा निघाले, दोन नीट आलेच नव्हते बहुधा. राजाबाई म्हणाली, तो चिंचेचा आन साबनाचा लावा, मला तो आवडतो. म्हणजे आम्लांचा धडा. कितवा ते ओव्हाळबाईने बोटांवर दाखवलं. मी लावला.

काही नाही.

मी आवाज वाढवला. काही नाही. दहा सेकंद गेले, पंधरा गेले. हेही कोरेच निघाले तर, म्हणून मी घाबरले. आणि काय सांगू, त्या भीतीच्या खाली कुठेतरी मला बरंही वाटलं, की बघा, मी म्हटलं नव्हतं कोऱ्या आहेत म्हणून. मी बंद करायला बटणाकडे हात नेला.

“थांबा हो बाई,” राजाबाईने माझं मनगट धरलं. “घाई कशापायी? त्या पोरास्नी वह्या काढू देतात.”

मी हात तसाच ठेवून बसले. राजाबाई वात वळत होती, अगदी निवांत. पुरं मिनिट गेलं. मग त्या लहानशा मोबाइलमधून ओव्हाळबाईचा आवाज आला, तोच, मागच्या रांगेपर्यंत जाणारा. आपण चिंच खातो तेव्हा दात का आंबतात, असं तिने विचारलं. आणि पुन्हा गप्प झाली, कुणीतरी उत्तर देईल म्हणून. राजाबाईने हळूच उत्तर दिलं. मोबाइल म्हणाला, बरोबर.

सोळा वर्षं मी पार्टिशनच्या अलीकडे बसून ते मिनिट रोज ऐकलं होतं. मला एमएस-सीआयटीत चौऱ्याऐंशी टक्के होते. आणि ते मिनिट ओळखलं ते या बाईने.

धडा संपला तेव्हा ओव्हाळबाई राजाबाईजवळ सरकली आणि तिने त्या घरघरत्या आवाजात विचारलं की साबण लावला तर हात बुळबुळीत का होतो. विचारून ती थांबली. राजाबाईही वात हातात धरून थांबली. उत्तर यायला वेळ लागला. ओव्हाळबाईने घाई केली नाही, काही सुचवलं नाही, नुसती बसून राहिली.

“हां,” राजाबाई शेवटी म्हणाली. “थांबता तर तशाच. तुमीच त्या.”

सोमवारी संस्थेच्या माणसांसमोर मी स्वतः स्पीकर लावला. एकाने मधेच घड्याळ बघितलं, आवाज येत नाही म्हणाला. मी त्याला म्हटलं, साहेब, वही काढा. दहावी ओव्हाळबाईकडे राहिली. तीन वर्षं तिने ती तशी काढली, न आलेले दोन धडे फळ्यावर लिहून आणि ऑर्कुटवर उत्तरं देऊन, आणि मग थकून स्वेच्छानिवृत्ती घेतली. ऑर्कुटही पुढे बंद पडलं, त्यातली सगळी उत्तरं गेली. बिस्किटांचा डबा मी त्याच आठवड्यात घरोघर जाऊन रिकामा केला, गुडघे दुखेपर्यंत. त्याने काही भरून आलं असं मी म्हणत नाही.

त्या शनिवारी निघताना ओव्हाळबाईने बाराही धडे आपल्या मोबाइलमध्ये घेतले, त्यासाठी ती मोठं मेमरी कार्ड घालून आली होती. राजाबाई दारापर्यंत आली. मोबाइल तिने दोन्ही हातांत धरला होता. चेहरा ओव्हाळबाईकडे नव्हता, माझ्याकडे होता, मी कुठे उभी आहे ते तिला बरोबर कळलं होतं.

“तुमी न्या बाई, पायजे तितक्या वेळा न्या,” ती म्हणाली. “पर हितलं पुसू नका.”